खालचा कप्पा

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात ग्रामपंचायतीने दिलेल्या खोलीत ‘ड’ म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाचं सार्वजनिक वाचनालय चालतं. तीन लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल, भिंतीवर थोरांच्या तसबिरी. महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयं अकरा-बारा हजार आहेत. त्यांच्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा 1828 चं रत्नागिरीचं नगर वाचनालय, 1967 चा ग्रंथालय कायदा, अ-ब-क-ड ही वर्गवारी असं सगळं वाचून गेले होते. पण त्या खोलीत लक्ष खिळलं ते एका कपाटाच्या खालच्या कप्प्यावर.

या कपाटाला कुलूप नाही. खालच्या कप्प्यात ‘किशोर’चे अंक, ‘फास्टर फेणे’, ‘गोट्या’ आणि पातळ चित्रांची पुस्तकं आहेत. मुलं फरशीवर मांडी घालून बसतात, एक काढतात, चाळतात, परत ठेवतात, दुसरं काढतात. बऱ्याच गावांत मुलाने टेबलापाशी जाऊन पुस्तकाचं नाव सांगायचं असतं. ज्याने पाठ्यपुस्तकाशिवाय काही पाहिलेलंच नाही, तो पाचवीतला मुलगा कुठलं नाव सांगणार? तो दारातूनच परत फिरतो. हे इथल्या ग्रंथपाल ताईंना नेमकं कळलं आहे.

देवघेवीच्या वहीतली नोंदही मुलंच करतात. एक मुलगी ‘भ्रमण’ लिहिताना अडली. पुस्तक शेजारी धरून तिने ते जोडाक्षर दोनदा पाहिलं, मग सावकाश उतरवलं. ताईंनी मध्ये तोंड घातलं नाही. शनिवारी त्या एक गोष्ट मोठ्याने वाचतात आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटतात. मग ते घरी कोणी न्यायचं यावरून भांडण. वाचनाची गोडी लावण्याचा याहून खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही.

कुलूप न लावण्याची किंमत असते. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, पडताळणीत ते दाखवावं लागतं, हरवलं तर उत्तर ग्रंथपालाने द्यायचं. म्हणून कपाट बंद ठेवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. या ताई मात्र ती जोखीम रोज अंगावर घेतात. पाठ निखळलेल्या पुस्तकांना त्या मैद्याची खळ आणि जुन्या सुती कापडाची पट्टी लावतात, वर पाटा ठेवून रात्रभर दाबतात. पुस्तक पुन्हा दोन-तीन वर्षं टिकतं.

आणि या सगळ्याचा मोबदला? 2012 नंतर दहा वर्षं ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान 30 हजार रुपये होतं. त्यातलं निम्मं वेतनाला, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, तरी हिशेब महिन्याला 2,000 च्या आसपासच आला. उरलेल्या निम्म्यात वर्तमानपत्रं, वीजबिल, इतर किरकोळ खर्च आणि नवी पुस्तकं. बालपुस्तकांचा नंबर शेवटी लागतो. अनुदान हप्त्याने येतं आणि हप्ता लांबतो. ताई शिवणकाम करून घर चालवतात. द्राक्षाच्या हंगामात मजुरीला गेल्या की वाचनालय उशिरा उघडतं आणि मुलं पायरीवर बसून राहतात.

2015 पासून 15 ऑक्टोबरला राज्यभर वाचन प्रेरणा दिन होतो. चांगलंच आहे. पण वाचनाची सवय लागते ती उरलेल्या दिवसांत, कोणीतरी ठरल्या वेळी दार उघडून बसल्यामुळे. त्या माणसाला आपण शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीइतके पैसे महिन्याला देतो, ही मला या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी चूक वाटते. शिवाय 2012 नंतर कित्येक वर्षं नव्या वाचनालयांना मान्यता देणंच थांबलं होतं. शेजारच्या वस्तीवरची मुलं त्यामुळे कोरडीच राहिली.

मदत करू इच्छिणारे पुष्कळ आहेत, पण घर आवरताना निघालेली जुनी पाठ्यपुस्तकं आणि वाळवी लागलेल्या कादंबऱ्या गावाला पाठवल्या जातात. त्यांना दाखल क्रमांक घालण्यातच ताईंचा वेळ जातो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आधी वाचनालयात डोकावा, तिथल्या ग्रंथपालाला विचारा की मुलं काय मागतात. मग आठ ते चौदा वयाच्या मुलांसाठी दहा नवी कोरी पुस्तकं विकत घेऊन द्या आणि स्वतःच्या नावाने वर्षाची वर्गणी भरा.