पुस्तक वाचनालयात दिलं म्हणजे काम झालं का?



मागच्या भागानंतर तुमच्या बऱ्याच व्हॉइस नोट आल्या आणि त्यातल्या निम्म्यांत एकच प्रश्न होता. "ताई, स्वतःच्या पैशानं पुस्तक काढलंय. आता लोकांपर्यंत न्यायचं कसं?" मी काही मार्केटिंगवाली नाही. पण हा घोळ मी स्वतः घातलाय आणि त्यातून जरा शहाणी झालेय, म्हणून आज तेच सांगते.

माझं पुस्तक आहे आजीच्या आठवणींचं. आम्ही माणदेशातले. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर होती. सुकडी खाऊन दिवस कसे काढले, ते ती सांगायची आणि मी फोनवर रेकॉर्ड करायची. त्याचं ११२ पानांचं पुस्तक झालं. किंमत १५० रुपये, ३०० प्रती छापल्या. पैसे माझ्या पगारातले, थोडे बाबांचे.

मग जे आपण सगळे करतो तेच केलं. स्टेटस ठेवले, पोस्ट टाकल्या, एक रीलही केलं. रील १४ हजार लोकांनी बघितलं आणि त्यातून पुस्तकं विकली गेली चार. हो, चारच! मित्रमैत्रिणी, नातेवाईक धरून ६५ प्रती गेल्या, २२ मी भेट दिल्या, आणि उरलेल्या २१३ कॉटखाली. रात्री पाय लांब केले की खोक्याला लागायचे. बाबा काही बोलायचे नाहीत, पण झाडू मारताना खोकी सरकवायचे, तो आवाज मला ऐकू यायचा.

त्या २२ भेटप्रतींपैकी पाच मी तालुक्याच्या वाचनालयात दिल्या होत्या. कार्यक्रम झाला, शाल मिळाली, फोटो निघाला. मला वाटलं, झालं काम.

चार महिन्यांनी सहज गेले आणि काउंटरवर अनोळखी वाचक असल्यासारखं माझ्याच पुस्तकाचं नाव विचारलं. तिथल्या मुलानं नोंदी बघितल्या आणि म्हणाला, "असलं पुस्तक नाही आपल्याकडं."

शोधलं तेव्हा पाचही प्रती कपाटाच्या डोक्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सापडल्या. कार्यक्रमातली रिबीनसुद्धा सोडलेली नव्हती. मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात ग्रंथपाल मॅडम आल्या. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि एक मोठी जाडजूड वही पुढ्यात ठेवली.

"हे बघ, ही दाखल नोंदवही," त्या म्हणाल्या. "पुस्तक विकत घेतलेलं असो नाहीतर भेट आलेलं, इथं नोंद होऊन त्याला दाखल क्रमांक पडला, की मगच ते वाचनालयाचं. तुझं पुस्तक अध्यक्षांच्या टेबलावर आलं आणि तिथंच राहिलं. चूक आमचीच आहे. पण तूही परत विचारायला आली नाहीस."

मंडळी, आजच्या भागाचं सार या एका वाक्यात आहे. पुस्तक वाचनालयाला देणं वेगळं आणि वाचकाच्या हातात पडणं वेगळं. या दोन्हींच्या मधे जे काही होतं, ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून आपण शाल घेऊन घरी येतो.

तर मधे काय काय होतं?

पहिलं, दाखल क्रमांक. पुस्तक दिलं की आठवड्याभरानं जाऊन नम्रपणे विचारा, "क्रमांक पडला का?" तो पडला की शिक्का बसतो, पुठ्ठ्यावर चिठ्ठी लागते आणि पुस्तक देवघेवीत येतं. आणि पाच-पाच प्रती देऊ नका! मॅडमनी माझ्या दोन ठेवून घेतल्या आणि तीन परत दिल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं कपाटं कमी आणि पुस्तकं जास्त आहेत."

दुसरं, कुठल्या कपाटात जाणार? मुलानं माझं पुस्तक 'संकीर्ण' मध्ये टाकायला घेतलं होतं. संकीर्णच्या कपाटाकडं सहसा कुणी फिरकत नाही. मॅडमनी विचारलं, "हे नक्की आहे काय?" मी म्हटलं, "आजीचं चरित्र म्हणा, गावाचा इतिहास म्हणा." ते 'चरित्र-आत्मचरित्र' मध्ये गेलं आणि दारातून आत आलं की समोर दिसायला लागलं. आपलं पुस्तक कशाबद्दल आहे आणि कुणाला आवडेल, हे अर्ध्या पानावर लिहून ग्रंथपालांना द्या. रोज येणारे वाचक त्यांना नावानिशी ठाऊक असतात. एखाद्या वाचकाला "हे घेऊन जा, तुमच्या कामाचं आहे" असं त्या म्हणाल्या, तर ते तुमच्या दहा पोस्टपेक्षा भारी पडतं.

तिसरं, पुस्तकाचा कणा. कपाटात पुस्तकं उभी असतात, तिथं मुखपृष्ठ दिसत नाही, फक्त कणा दिसतो. पिना मारलेल्या पुस्तकाला कणाच नसतो, ते दोन जाड पुस्तकांच्या मधे गडप होतं. माझ्या कण्यावर नाव होतं, पण मातकट रंगावर काळ्या अक्षरात. कुणाला वाचता येणार? छापायच्या आधी हे बघून घ्या.

चौथं, कागदपत्रं. ती कंटाळवाणी आहेत, पण ऐका. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडं फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते आणि स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याचे पैसे कुणी मागितले तर निदान आधी चौकशी करा. आणखी एक. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकानं चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः पुस्तक काढलं म्हणजे प्रकाशक आपणच! मला हे माहीत नव्हतं, मी उशिरा पाठवल्या. तुम्ही वेळेत पाठवा.

आता विकत घेण्याचं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं दहा हजारांहून जास्त आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांतली. त्यांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च करायचा असतो. म्हणून मार्च यायच्या आधी खरेदीची गडबड असते. तुम्ही एप्रिलमध्ये पिशवी घेऊन गेलात तर "पुढच्या वर्षी बघू" हेच ऐकायला मिळणार. साधं नीट बिल द्या आणि सवलत किती ते आधीच सांगा. शिवाय शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. तिच्यासाठी ग्रंथालय संचालनालय पुस्तकं मागवतं, त्या सूचनेवर लक्ष ठेवा. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही चक्कर मारा, आसपासचे ग्रंथपाल तिथं एकत्र भेटतात.

पण खरी गंमत पुढंच आहे.

मी मॅडमना म्हटलं, "पुस्तकावर एक कार्यक्रम ठेवू या का?" त्या म्हणाल्या, "परत शाल नको. लोक जांभया देतात." मग त्यांनीच एक युक्ती काढली. वर्तमानपत्रं वाचायला रोज सकाळी जी वयस्कर मंडळी येतात, त्यांच्या समोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होता? शनिवारी पाच वाजता येऊन सांगा.' खाली बारीक अक्षरात माझ्या पुस्तकाचं नाव.

शनिवारी चाळीसेक माणसं आली. काही बायका तर वाचनालयाची पायरी पहिल्यांदाच चढल्या होत्या. मी दहा मिनिटं वाचलं आणि गप्प बसले. पुढचे दोन तास तेच बोलत होते. कुणी मिलोच्या लाल भाकरीचं सांगितलं, कुणी जनावरं कशी सोडून दिली ते. मी फोन मधे ठेवून सगळं रेकॉर्ड केलं.

शेवटी मागून एक आजोबा उठले. हातात वाचनालयाची प्रत, मधे बोट घातलेलं. म्हणाले, "पोरी, पुस्तक चांगलं हाय. पण सदतिसाव्या पानावर चुकलंय. त्या साली आमी रस्त्याच्या कामाव होतो. तळ्याचं काम पुढच्या साली निघालं. तुजी आजी बी रस्त्यावच हुती, माज्या भनीच्या शेजारी बसायची."

मी घरी येऊन आजीचं रेकॉर्डिंग परत ऐकलं. ती 'रस्ता' च म्हणाली होती. तळं मी जोडलं होतं, दोन दिवसांच्या गप्पा एकत्र करताना. पुस्तक घेतलेल्या ६५ जणांनी मला "मस्त लिहिलंयस" असं कळवलं होतं, पण सदतिसावं पान कुणी तपासलं नव्हतं. ते तपासणारा माणूस माझ्या फोनमध्ये नव्हता, तो रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचत बसायचा.

शुद्धिपत्राच्या चिकट्या छापल्या. त्या दिवशी १६ प्रती विकल्या गेल्या होत्या, त्या घरांत जाऊन लावल्या. उरलेल्या २०० प्रतींत बाबांनी आणि मी मिळून लावल्या. कॉटखालची खोकी बाबांनी स्वतः बाहेर ओढली आणि प्रत्येक चिकटी पट्टी धरून सरळ लावली.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तकाला त्याचा वाचक शोधून देणं हेही ग्रंथालयाचंच काम, असं त्यांतला एक सांगतो. मला तो नियम परीक्षेपुरता माहीत होता. त्या शनिवारी तो कळला.

आता काय करू नका, तेही सांगते. रोज काउंटरवर जाऊन "कुणी नेलं का?" विचारू नका. आणि मावसभावाला पाठवून स्वतःचं पुस्तक न्यायला लावू नका. मी लावलं होतं. मॅडमनी त्याला विचारलं, "आवडलं का? आजीचं नाव काय?" त्याला सांगता आलं नाही. त्याची खुद्द मावशीची सासू होती ती!

हिशेब सांगायचा तर आठ महिन्यांत आसपासच्या सहा वाचनालयांनी दोन-दोन प्रती घेतल्या. किरकोळ विक्री थोडी झाली. छपाईचा खर्च अजून निघालेला नाही आणि वाचनालयातून तो निघेल या भरवशावर कुणी राहू नका. वाचनालयातून वाचक मिळतात, आणि आपल्याच गावचे मिळतात. आपलं पुस्तक गावाबद्दल, शेतीबद्दल, शाळेबद्दल असेल तर याहून चांगली जागा नाही.

परवा मी ती प्रत काढून बघितली. मागच्या कागदावर १९ तारखांचे शिक्के आहेत. सदतिसाव्या पानावरची चिकटी मॅडमनी स्वतः लावलीय, आणि तिच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलनं लिहिलंय, 'बरोबर. मीही होते.' अक्षर बाईमाणसाचं वाटतं. मी शोधतेय त्यांना. सापडल्या तर पुढचा भाग त्यांच्यासोबत.

तोवर एक काम करा. आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा. पुस्तक द्यायला जायच्या आधी एखादं घ्यायला जा. भेटू!