पाऊण कोर्टची शर्यत

एनबीएचं कोर्ट ९४ फूट लांब, म्हणजे जेमतेम २८.६५ मीटर. उसेन बोल्टने २००९मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, तेव्हा त्याचा सर्वोच्च वेग ६० मीटरनंतर आला. बास्केटबॉलपटूला तेवढी जागाच मिळत नाही. त्याचा सगळा खेळ पहिल्या काही पावलांचा.

म्हणूनच ड्राफ्टआधीच्या, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीच्या ‘कम्बाइन’ चाचण्यांमध्ये धाव असते ती पाऊण कोर्टची. खेळाडू बेसलाइनवरून सुटतो आणि पलीकडच्या फ्री थ्रो लाइनपर्यंत ७५ फूट सुसाट पळतो. तरबेज गड्यांना त्यासाठी सव्वातीन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. जोडीला ‘लेन अजिलिटी’ असतेच: बास्केटसमोरच्या चौकटीभोवती आधी सरळ धावायचं, मग आडवं सरकायचं, मग उलट्या पावलांनी मागे यायचं आणि पुन्हा आडवं सरकत सुरुवातीच्या जागी पोहोचायचं. लगेच तीच फेरी उलट दिशेने.

वेगाइतकाच ब्रेक मोलाचा. जेम्स हार्डनचा ‘स्टेप बॅक’ आठवा. बचावपटू पुढे निसटतो आणि हार्डन जागीच थांबून, मागे सरून मोकळा शॉट घेतो.

सामन्यात अशा झेपा सतत घ्याव्या लागतात. काही सेकंदांच्या झेपेला स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुरतो. पण तो भरून यायला मिनिटं लागतात. त्यामुळे दमसासही लागतोच.

आकड्यांनाही चकवा बसतो. २००७च्या कम्बाइनमध्ये केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचं वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आलं नाही. तरी ड्राफ्टमध्ये सिअ‍ॅटलच्या संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. २०१४मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.