खाणींची झाली तळी

जुलैतल्या तापलेल्या शनिवारी सकाळी बर्लिनहून बाहेर पडणाऱ्या लोकल गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. सायकली, गुंडाळलेल्या सतरंज्या, फुगवायच्या गाद्या, थंड पेयांच्या पेट्या आणि या सगळ्यातून वाट काढणारी पोरं. यातले फार थोडे समुद्रावर निघालेले असतात, बाल्टिकचा किनारा इथून लांब पडतो. बाकीचे निघालेले असतात तास-दीड तासावरच्या कुठल्याशा तळ्यावर. त्याचं नाव चार गावं पलीकडच्या माणसालाही ठाऊक नसतं. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या जर्मनीत नॉयश्वानस्टाइनचा किल्ला असतो, ऱ्हाइनची बोटीतली फेरी असते, ब्लॅक फॉरेस्ट असतं. ही तळी नसतात, आणि जर्मन माणसाचा उन्हाळा तर तिथेच जातो.

तिथं जाऊन करायचं काय? फारसं काहीच नाही. काठावर गवताचं मैदान असतं, त्याला लीगेवीझे म्हणतात. त्यावर चादर पसरायची, पाण्यात जायचं, बाहेर येऊन वाळायचं, पुस्तकाची चार पानं वाचायची, पुन्हा पाण्यात जायचं. दुपारी टपरीवर तळलेले बटाटे आणि सॉसेज मिळतात. महाबळेश्वरला जाऊन पाहिलेले पॉइंट मोजणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रकार सुरुवातीला जड जातो. पण या निवांतपणामागची व्यवस्था बघू लागलं की आपलं कुतूहल जागं होतं.

उत्तरेकडची तळी निसर्गाची देणगी. शेवटच्या हिमयुगात उत्तर जर्मनीवर बर्फाचे प्रचंड थर होते. ते मागे सरकले तेव्हा जागोजागी गाळाखाली बर्फाचे मोठे तुकडे अडकून राहिले. ते वितळले, वरची जमीन खचली, खड्ड्यांत पाणी भरलं. काही तळी बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने कोरलेल्या लांबट चरांत साठली. एकट्या ब्रांडेनबुर्ग राज्यात अशी-तशी मिळून तीन हजारांच्या आसपास तळी आहेत. त्यांतलं श्टेशलिन सुमारे ७० मीटर खोल आणि नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. थिओडोर फोंटाने या कादंबरीकाराच्या शेवटच्या कादंबरीला त्याचंच नाव आहे. याच तळ्याच्या शेजारी पूर्व जर्मनीने १९६६ मध्ये आपलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू केलं आणि १९९० पर्यंत त्याचं गरम झालेलं पाणी श्टेशलिनमध्ये सोडलं. आज काठावर पोहणाऱ्यांत हा इतिहास आठवणारे थोडेच असतील.

पॉट्सडामजवळच्या कापुट गावात, तळ्यापासून जवळच, आइनस्टाइनने १९२९ मध्ये लाकडी उन्हाळी घर बांधलं. ‘ट्युमलर’ नावाच्या शिडाच्या होडीत तो तासन्‌तास भटकायचा. त्याला पोहता येत नव्हतं. १९३२ च्या डिसेंबरात तो अमेरिकेला गेला आणि नाझी सत्तेवर आल्यावर परतलाच नाही. घर मात्र अजून उभं आहे.

दक्षिणेत आणि ऱ्हाइनच्या खोऱ्यात कथा वेगळी. तिथली बरीच तळी माणसाने खणली, तीही तळं हवं म्हणून नव्हे. रस्ते आणि इमारतींसाठी खडी-वाळू काढली, भूजल वर आलं, खड्डा भरला. यांना बागरझे म्हणतात, बागर म्हणजे खणायचं यंत्र. आउग्सबुर्गजवळच्या एका तळ्याचं नावच आउटोबानझे आहे, कारण १९३०च्या दशकात महामार्गासाठी तिथून खडी उपसली गेली. काही ठिकाणी एका काठाला अजून उपसा चालू असतो आणि दुसऱ्या काठाला पोरं डुंबत असतात. या तळ्यांचा धोकाही त्यांच्या जन्मातच आहे: काठ एकदम खोल जातो, पायाखालची खडी सरकते आणि उबदार पृष्ठभागाच्या काही मीटर खाली पाणी अंगात हुडहुडी भरेल इतकं गार असतं.

पण मला सगळ्यांत जास्त ओढ वाटते ती पूर्वेकडच्या लाउझित्सची. इथे लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा जमिनीच्या वरच्या थरांतच सापडतो. तो काढायला बोगदे खणत नाहीत, अख्खा भूभागच सोलून काढतात. पूर्व जर्मनीची वीज आणि घरांतली ऊब प्रामुख्याने या कोळशावर चालायची. त्यासाठी लाउझित्समधली शंभराहून अधिक गावं पुरती किंवा अंशतः उठवली गेली. त्यांत सॉर्ब या स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या अल्पसंख्याकांची गावंही होती. चर्च पाडली, स्मशानं हलवली. धरणाखाली गाव गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

खाणी संपल्यावर उरले ते चंद्रावरच्यासारखे खड्डे. त्यांचं तळं करायचं, ही कल्पना जर्मनीच्या एकीकरणाच्या आधीची. ओटो रिंट या निसर्गरचनाकाराने ती लावून धरली. झेन्फ्टेनबेर्गजवळची एक खाण १९६७ ते १९७२ या काळात पाण्याने भरली आणि १९७३ मध्ये तिथला पहिला वाळूचा किनारा लोकांना खुला झाला. १९९० नंतर एकामागून एक खाणी बंद पडल्या, हजारोंचे रोजगार गेले आणि आणखी खड्डे रिकामे पडले. ते निस्तरायला सरकारी कंपनी स्थापन करावी लागली.

खड्ड्यात पाणी सोडलं की तळं झालं, इतकं सोपं ते नाही. खणताना उघड्या पडलेल्या मातीतल्या पायराइट या खनिजाचा हवेशी संयोग होतो आणि पाणी आम्लधर्मी बनतं, काही तळ्यांत पार व्हिनेगरच्या जवळपास. मग खास जहाजं तळ्यावर फिरून चुना पसरतात, तोही पुन्हा पुन्हा. दुसरा धोका काठाचा. खाणीतून निघालेल्या भुसभुशीत मातीचे ढीग पाणी चढलं की अचानक वाहू लागतात. झाक्सेन-आनहाल्टमधल्या नाख्टरश्टेट गावात १८ जुलै २००९ च्या पहाटे काठाचा मोठा भाग तळ्यात कोसळला. त्याच्याबरोबर घरं गेली आणि तीन माणसं गेली. ते तळं पुन्हा अंशतः खुलं व्हायला दहा वर्षं लागली. लाउझित्समध्ये आजही नितळ निळ्या पाण्याशेजारी ‘जीवाला धोका’ असे फलक दिसतात. त्यांच्यापलीकडे पाऊल टाकू नये.

या साऱ्यातून जे उभं राहिलं ते थक्क करणारं आहे. तळी एकमेकांना कालव्यांनी जोडली. झेन्फ्टेनबेर्ग आणि गायर्सवाल्डे या तळ्यांमधला कालवा २०१३ मध्ये खुला झाला. तो श्वार्त्से एल्स्टर नदीच्या आणि महामार्गाच्या खालून जातो, म्हणजे होडीत बसून नदीच्या खालून पलीकडे निघता येतं. झेडलित्स तळ्याकाठी ‘गंजका खिळा’ नावाचा ३० मीटरचा पोलादी मनोरा आहे, वरून हा सगळा परिसर दिसतो. लिष्टरफेल्डला ५०० मीटर लांबीचं खाणीचं यंत्र तसंच ठेवलंय, त्यावर चढता येतं. लाइपझिगकरांनी तर आपल्या खाणतळ्यांना लाडकी नावं दिली आहेत: कुल्कवित्सचं ‘कुल्की’, कोस्पुडेनचं ‘कोसी’.

आता थोडं काठावरच्या रीतींविषयी. पूर्वेकडच्या तळ्यांवर एक कोपरा विवस्त्र पोहणाऱ्यांचा असतो. एफकाका या आद्याक्षरांचा फलक दिसला की समजावं. इथे ही शंभर वर्षांची जुनी रीत आहे, बर्लिनच्या दक्षिणेचं मोत्सन तळं १९२०च्या दशकापासून त्यासाठी ओळखलं जातं. टक लावून बघू नये, फोटो काढू नये. आणि गळ टाकायचा झाला तर बहुतेक ठिकाणी आधी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो!

पाणी स्वच्छ आहे की नाही हे वासावरून ठरवावं लागत नाही. २००६ च्या युरोपीय नियमांनुसार जर्मनीत नोंदलेल्या दोन हजारांहून अधिक जागांचं पाणी हंगामभर तपासलं जातं, त्यांतल्या सुमारे ९० टक्के जागा सर्वोच्च श्रेणीत येतात. निकाल काठावर लावलेले असतात. उष्ण ऑगस्टात निळं-हिरवं शेवाळ वाढलं की पाण्यात उतरू नका, असा इशाराही तिथेच लागतो.

काठ कोणाचा, हा प्रश्न मात्र तितका सुटलेला नाही. बायर्नच्या १९४६ च्या राज्यघटनेतलं १४१ वं कलम सांगतं की डोंगर, तळी, नद्या यांकडे जाणाऱ्या वाटा लोकांना खुल्या ठेवणं हे सरकारचं आणि गावांचं कर्तव्य आहे. घटनेत सहलीचा हक्क! तरीही त्याच राज्यात श्टार्नबेर्ग तळ्याचा बराच किनारा खासगी बंगल्यांच्या मागे आहे. पॉट्सडामच्या ग्रीब्निट्सझे तळ्याची गोष्ट आणखी बोलकी. बर्लिनची भिंत होती तेव्हा काठाने सीमारक्षकांची गस्तीची वाट होती, भिंत पडल्यावर तिथे लोक फिरू लागले. पुढे जमीनमालक न्यायालयात गेले, २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यांनी आपापल्या भागांत वाट अडवली.

आणि आता पाण्याचाच प्रश्न आहे. २०१८ पासूनच्या कोरड्या वर्षांत बर्लिनच्या आसपासची काही तळी काठ सोडून आत सरकली आहेत. कोटबुसच्या खाणीत १९ चौरस किलोमीटरचं तळं करण्यासाठी एप्रिल २०१९ मध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली, तेही आधीच आटलेल्या स्प्रे नदीतून. चालू खाणींतून उपसलेलं भूजल याच नदीत पडतं. कोळसा पूर्ण थांबला की ते बंद होणार. बर्लिनचं पिण्याचं पाणी बऱ्याच अंशी स्प्रेवर अवलंबून, आणि मोठ्या उघड्या तळ्यांतून उन्हाळ्यात वाफ होऊन उडणारं पाणी तर कोणालाच मिळत नाही.

मुलांकडे जर्मनीला जाणाऱ्या आईवडिलांना एक सांगणं. बऱ्याच छोट्या तळ्यांवर जीवरक्षक नसतो, ‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे’ एवढी पाटी असते. दरवर्षी बुडून होणारे बहुतेक मृत्यू नद्या-तळ्यांतच होतात, समुद्रात नव्हे. तिथल्या मुलांना ‘समुद्रघोडा’ नावाचा बिल्ला २५ मीटर पोहल्यावर मिळतो, पण डीएलआरजी ही १९१३ पासूनची जीवरक्षक संस्था तेवढ्यावर पोहता येतं असं मानत नाही. तिचा निकष पुढच्या ब्राँझ बिल्ल्याचा, म्हणजे १५ मिनिटं पोहणं आणि तेवढ्यात किमान २०० मीटर अंतर कापणं. नातवंडाच्या पोहण्याच्या चड्डीवर कोणता बिल्ला शिवलाय, ते चादर पसरण्याआधी बघून घ्या.