फुलांचा वाफा आणि दाराची चौकट

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, ग्रँड ट्रंक रस्त्यावर वसलेले पानिपत मराठी वाचकाला रणभूमी म्हणूनच परिचित आहे. यमुनेच्या गाळाने घडलेली तेथील माती मात्र बागेला फार अनुकूल. पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो आणि त्यानंतर येणारी लांबलचक थंडी हाच तिकडच्या फुलांचा खरा ऋतू होय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी यांचे बी पेरतात. ऑक्टोबरच्या मध्यास गुलाबाची छाटणी होते. नोव्हेंबर-डिसेंबरात शेवंती फुलते (तिला तिकडे गुलदाउदी म्हणतात) आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सारे वाफे रंगांनी भरून जातात. पुढे उन्हाळ्यात ‘लू’ वाहू लागली, की हे वैभव ओसरते. मग झिनिया आणि चिनी गुलाब यांच्यावरच समाधान मानावे लागते.

लहान घरात बागेसाठी जागा उरते ती बहुधा भिंतीलगतची. तेथे माती भरून, शेणखत घालून वाफा केला जातो, त्याला रोज पाणी दिले जाते, वेलासाठी बांबू रोवले जातात. एक-दोन वर्षांनी दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ उमटते आणि बोटाने दाबताच रंगाखालचे लाकूड आत जाते. घरमालक सुताराला बोलावतो. वाफ्याकडे त्याचे लक्ष जात नाही. वास्तविक वाळवी घरात आली ती त्याच वाटेने.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याची चाल आहे, परंतु मुंगीशी तिचे जवळचे नाते नाही. प्राणिशास्त्रज्ञ आता तिची गणना झुरळांच्याच गणात करतात. तिच्या वसाहतीतील कामकरी आंधळे आणि मऊ कातडीचे असतात. कोरड्या हवेत त्यांचे शरीर लवकर सुकते. म्हणूनच जमिनीत राहणारी वाळवी उघड्यावरून सहसा चालत नाही. माती आणि लाळ यांच्या नळ्या बांधून त्यांच्या आडोशाने ती लाकडापर्यंत पोचते. तिला तीन गोष्टी हव्या असतात: ओल, आडोसा आणि सेल्युलोज. लाकूड, कागद, कापूस, वाळका पाला या सर्वांत सेल्युलोज असते. भिंतीलगतचा वाफा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पुरवितो.

बागेतली वाळवी मुख्यतः मेलेल्या पाल्यापाचोळ्यावर व काटक्यांवर जगते आणि त्यांची माती करते. तेवढ्यापुरती ती उपयोगाचीच होय. मात्र पाण्याचा ताण पडला, की हलक्या जमिनीतील गुलाबाच्या मुळांकडे ती वळते, आणि वरवर धडधाकट दिसणारे झाड अचानक मान टाकते. अर्धवट कुजलेले शेणखत तिला विशेष प्रिय. खत पूर्ण कुजलेले असावे, त्यात निंबोळी पेंड मिसळावी आणि उन्हाळ्यात पाण्यात खंड पडू देऊ नये, हे उपाय साधे असले तरी फुकट जात नाहीत.

घराचा विचार मात्र वेगळा. जोत्यात ओल वर चढू नये म्हणून एक ओलरोधक थर घातलेला असतो. वाफ्याची माती त्याच्या वर गेली, की तो थर असून नसल्यासारखा होतो. मातीची पातळी जोत्याच्या माथ्यापासून निदान १५ सेंटीमीटर खाली असावी आणि भिंत व वाफा यांच्यामध्ये दीड फुटाचा तरी फरसबंदीचा पट्टा सोडावा. शोभेसाठी त्यावर कुंड्या ठेवता येतात, पण त्या विटांवर उचलून, म्हणजे खालून नळी चढत असल्यास दिसेल. बांबूचे आधार चौकटीला टेकू देऊ नयेत. हा पट्टा ओलांडायचा तर वाळवीला उघड्यावर नळी बांधावी लागते, आणि तेथेच ती सापडते.

पूर्वी हे सारे टाळून लोक ऑल्ड्रिन, क्लोरडेन अशी द्रव्ये जमिनीत ओतीत. ती वर्षानुवर्षे मातीत टिकतात, हाच त्यांचा गुण मानला जाई. पुढे तोच दोष ठरला. २००१ च्या स्टॉकहोम करारातील पहिल्या बारा घातक द्रव्यांत या दोहोंचा समावेश झाला. हल्ली इमिडाक्लोप्रिडसारखी द्रव्ये वापरतात. जुन्या घरात भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत दर ३० सेंटीमीटरवर छिद्र पाडून द्रावण आत सोडतात. हे काम जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावे. परंतु इमिडाक्लोप्रिड मुळांवाटे झाडात शिरते, मधुरसात व परागात उतरते आणि मधमाश्यांना बाधते; युरोपीय संघाने २०१८ साली त्याच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली ती याच कारणाने. ज्या मातीत हे औषध मुरले, त्याच मातीत फुले लावणे म्हणजे मधमाशीला विष वाढण्यासारखेच. फरसबंदीचा पट्टा येथेही उपयोगी पडतो: औषध त्याच्या अलीकडे, फुले त्याच्या पलीकडे.

लाकडाची सगळीच भुकटी वाळवीची नसते. चौकटीखाली पिठासारखी कोरडी रास साचली आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली, तर तो घुण समजावा. याच किड्याच्या कोरण्यावरून ‘घुणाक्षरन्याय’ हा शब्द आपल्याकडे आला. त्याचे पोषण सालीलगतच्या पांढरट लाकडातील पिष्टावर होते, म्हणून साग, देवदार किंवा शिसवी लाकूड घेतानाही ते गाभ्याचे आहे ना, हे पाहावे. आंब्याचे लाकूड या बाबतीत अगदी दुबळे. १७६१ च्या लढाईची खूण म्हणून सांगितला जाणारा पानिपतचा काळा आंबा आज उभा नाही. तो वठल्यावर त्याच्या लाकडाची दारे करण्यात आली, असे सांगतात. आंब्याचे दार पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचे, तर ते मातीपासून दूर आणि कोरडे ठेवावे लागते.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते. ती बाहेरून आली असेल तर काळजीचे कारण नाही. पण सकाळी गळालेले पंख घरातल्याच एखाद्या भेगेपाशी साचलेले दिसले, तर वसाहत जवळच आहे. नुसत्या नळीवर रॉकेल शिंपडून ती मरत नाही. नळीचा थोडा भाग खरवडून दोन-चार दिवस वाट पाहावी. ती पुन्हा सांधली गेली, तर आत वाळवी जिवंत आहे, आणि ती नळी खाली जेथे मातीला मिळते, तेथे वाफ्याची कड आधी खणून पाहावी.