‘शटडाउन’, ‘ब्रेकडाउन’ आणि पाठांतराची वही

क्रियापदाला ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ असा एखादा छोटा शब्द जोडून इंग्रजीत जे जोडक्रियापद तयार होते, त्यास ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात, आणि त्यात संगती शोधू नये, नुसते पाठ करावे, असा समज शाळांमध्ये रूढ आहे. प्रत्यक्षात जालन्याच्या पोलाद कारखान्यांत देखभालीसाठी यंत्रे ठरवून थांबवली तर ‘शटडाउन’ आणि बिघाडाने बंद पडली तर ‘ब्रेकडाउन’, हा भेद समजण्यासाठी कोणालाही वही लागत नाही. दोन्हीकडे ‘डाउन’चा अर्थ ‘खाली’ असा नसून चालू काम थांबणे असा आहे. तसेच ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतील ‘अप’ क्रिया पूर्णत्वास गेल्याचे सांगतो. ही इंग्रजीची विक्षिप्त खोड मानणाऱ्यांनी ‘खाऊन टाकले’ या मराठी प्रयोगात काहीही फेकलेले नसते, हे ध्यानात घ्यावे. अर्थात ‘पुट अप विथ’, म्हणजे निमूटपणे सोसणे, याचा अर्थ अशा फोडीतून निघत नाही. तो वापरातूनच कळतो.

सरकारी कचेरीतील ‘फाइल पुट अप करा’, म्हणजे वरिष्ठांपुढे सादर करा, हा प्रयोग अशुद्ध समजला जातो, परंतु भारतीय प्रशासनात तो रुळलेला आहे. ‘पास आउट’विषयी मात्र सावध राहावे, कारण शिक्षण पूर्ण करणे हा त्याचा भारतीय अर्थ लष्करी ‘पासिंग आउट परेड’शी जुळत असला, तरी ब्रिटन-अमेरिकेतील सामान्य वाचकाला त्यातून बेशुद्ध पडणे एवढेच कळण्याचा संभव असतो.

अशी क्रियापदे केवळ बोलीत शोभतात, हाही गैरसमजच होय. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाने जालन्यातील एखाद्या खटल्याचा निकाल ‘सेट असाइड’ केला, तर तो बाजूला राखून ठेवलेला नसतो, रद्द केलेला असतो. शब्दशः अर्थ लावणारा पक्षकार येथे चांगलाच फसेल.

वाक्प्रचारांच्या उगमकथा तर पुष्कळदा विश्वासार्ह नसतात. मुसळधार पावसासाठी वापरला जाणारा ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा प्रयोग जोनाथन स्विफ्टच्या 1738 मधील लेखनात आढळतो. गवती छपरांवरून कुत्री-मांजरे घसरत असत म्हणून तो रूढ झाला, या लोकप्रिय कथेला पुराव्याचा आधार नाही. शिवाय पाठ्यपुस्तकांना तो जितका प्रिय आहे, तितका आजच्या इंग्रजी बोलण्यात ऐकू येत नाही; तेथे ‘इट्स पोअरिंग’ एवढ्यावर काम भागते.