वाडा आधी कागदावर पडतो

पुण्याच्या पेठांतील एखादा वाडा उतरविला जातो, तेव्हा त्याच्या वयाला दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. माती जुनी झाली होती, सागवानाला वाळवी लागली होती, असे म्हटले की सर्वांचेच समाधान होते. नारायण पेठेतील आमच्या वडिलोपार्जित वाड्याची डागडुजी करून गेली तीन वर्षे मी तेथे सहकुटुंब राहतो आहे. या अनुभवान्ती माझे मत असे झाले आहे की, वाडा प्रथम पडतो तो कागदावर. भिंती मागाहून पडतात.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. त्या पुरातून आमचा वाडा तगला. पुढचे संकट मात्र संथ पावलांनी आले. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या बिऱ्हाडांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला जखडली होती. भाडेकरूंना संरक्षण हवेच होते. परंतु त्या भाड्यात कौले चाळण्याची मजुरीही सुटेना. 1999 चा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला व दरसाल 4 टक्के वाढीची मुभा मिळाली. तथापि मूळ आकडाच नगण्य असल्यावर त्याच्या 4 टक्क्यांनी काय साधणार?

त्यात हिस्सेदारांची संख्या वाढत गेली. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. उणीव निराळीच आहे. हक्कांची वाटणी झाली, जबाबदारीची झाली नाही. आमचे हिस्सेदार अकरा. दुरुस्तीस कोणाचाही विरोध नव्हता. तरीही अकरा सह्या गोळा होण्यास दोन वर्षे लागली आणि सर्वांच्या संमतीवाचून बँक कर्ज देईना. दरम्यानच्या पावसाळ्यात मागल्या चौकातील एक भिंत रात्रीतून बसली. त्या खोलीत माझी विधवा आत्या चाळीस वर्षे राहत होती. सुदैवाने त्या रात्री ती आमच्याकडे मुक्कामाला होती.

भिंत का बसली, हे गवंड्याने दाखविले. पूर्वी कधीतरी आम्हीच स्वस्तात उरकायचे म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला होता. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटखाली ती कोंडली, आतली माती भुसभुशीत झाली आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजली.

सामायिक कुरणाची नासाडी कशी होते, हे गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडले : मालक कोणीच नाही, म्हणून वापर अति. 1998 मध्ये मायकेल हेलर या अमेरिकी विधिज्ञाने त्याची दुसरी बाजू दाखविली : मालक फार आणि प्रत्येकाच्या हाती नकार, म्हणून वस्तू निरुपयोगी पडून राहते. आमचे वाडे या दुसऱ्या वर्गात मोडतात. येथे तर उघड नकाराचीही गरज नसते, उत्तरास झालेला विलंब पुरतो.

कायद्याचा कल कोठे आहे, हेही पाहण्याजोगे आहे. 1893 च्या विभाजन कायद्यानुसार, जी मिळकत सोयीस्करपणे वाटता येत नाही ती विकण्याचा आदेश निम्म्या किंवा अधिक हिश्शांच्या मागणीवरून न्यायालय देऊ शकते. विकण्यासाठी निम्मे पुरतात. राखण्यासाठी मात्र व्यवहारात सर्वांच्या सह्या लागतात. मग वाडे विकले गेले तर नवल ते काय?

सर्वच वाडे राखावेत, असा माझा आग्रह नाही. उंच पायऱ्यांचे जिने, अंधारी माजघरे आणि अंगणापलीकडचे संडास यांचे कौतुक, ज्यांना तेथे राहावे लागत नाही, त्यांनीच करावे. आम्हीही जिना बदलला आणि मोरी व संडास आत घेतले. परंतु राहू इच्छिणाऱ्याला दुरुस्तीची वाट मोकळी असली पाहिजे. निम्म्या हिश्शांची संमती व अभियंत्याचा दाखला असल्यास दुरुस्ती करता यावी आणि तिचा खर्च प्रत्येकाच्या हिश्शावर बोजा म्हणून नोंदविला जावा. आमच्या करारनाम्यात आम्ही हेच केले : मी केलेला खर्च अंतिम वाटणीच्या वेळी हिशेबात धरला जाईल.

आत्या आता पुन्हा आपल्या खोलीत राहते. अकरा सह्यांमध्ये पहिली सही तिची होती. इतरांच्या लेखी तो हिस्सा होता, तिच्या लेखी घर होते. जो राहतो, त्याच्या सहीला कायद्याने थोडे अधिक वजन द्यावे, इतकेच मागणे आहे.