धावणाऱ्याच्या मांडीतील चीर

हाड मोडले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अपघात उभा राहतो. कुणी झाडावरून पडलेला असतो, कुणाची सायकल घसरलेली असते. परंतु असे काहीही न घडता, नुसत्या रोजच्या धावण्याने हाडाला चीर पडू शकते, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब आणि अत्यंत बळकट हाड. पण तेही यातून सुटलेले नाही.

हा विकार प्रथम सैन्यात लक्षात आला. ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने १८५५ मध्ये, लांबलांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पावलांना येणारी सूज व वेदना नोंदवून ठेवली. कारण मात्र त्या काळी दिसणार कसे? रंटगेनने क्ष-किरण शोधले ते १८९५ मध्ये. त्यानंतर दोन वर्षांनी कळले की त्या पावलांतील हाडेच चिरलेली असत.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत आहे. धावण्याचा भार वाढला की शरीर त्याची डागडुजी सुरू करते. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी सैल दगड काढतो आणि मग नवे बसवतो. तसेच येथे आधी जुना भाग पोखरला जातो आणि मग नवा भरला जातो. पोखरण्याचे काम दोनतीन आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र तीनेक महिने लागतात. मधल्या काळात हाड दुबळे असते, आणि नेमक्या त्याच वेळी धावणाऱ्याचा दम वाढलेला असल्यामुळे त्याला आणखी धावावेसे वाटते. आपल्याकडे पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मुले १६०० मीटरची आणि मुली ८०० मीटरची तयारी एकदम सुरू करतात. वर्षभर बाकावर बसलेले पाय महिन्याभरात मैदानावर झिजवायचे, ही पद्धत अशी चीर पडण्यास अगदी अनुकूल आहे.

ओळखण्यातच खरी अडचण आहे. नडगीचे हाड कातडीखालीच असते, बोट ठेवले की दुखरी जागा सापडते. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंचे जाड वेष्टन असते. सूज दिसत नाही, दुखरी जागा नेमकी दाखवता येत नाही. वेदना जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या भागात येते. कधी तर ती गुडघ्यात जाणवते, आणि गुडघा तपासावा तर तो निर्दोष! सुरुवातीला ती धावतानाच येते व थांबले की जाते. पुढे ती लवकर येऊ लागते, मग चालताना, आणि शेवटी रात्री अंथरुणातही. तोवर ‘शिरेवर शीर चढली’ म्हणून तेल चोळून घेणे चालूच असते. एका पायावर उडी मारून पाहण्याची चाचणी आहे, परंतु ती डॉक्टरांसमोरच करावी. मैदानावर मित्रांनी करून पाहू नये. दुसरी एक चाचणी म्हणजे रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवून मांडीखाली आपला हात आडवा धरायचा आणि गुडघा वरून दाबायचा. हाड चिरलेले असेल तर चटकन कळ येते. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दोनतीन आठवड्यांत साधा एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ‘हाडात काही नाही’ असा होत नाही. एम. आर. आय. तपासणीत मात्र चीर लवकर दिसते.

एवढा आग्रह कशासाठी, तर खुब्याजवळच्या भागासाठी. मांडीच्या हाडाचे गोल डोके खुब्याच्या वाटीत बसते आणि त्याखाली तिरकी, अरुंद मान असते. भिंतीतून पुढे आलेल्या तुळईच्या टोकाला वजन टांगले तर तिची वरची बाजू ताणली जाते व खालची दाबली जाते, मानेचेही तसेच. चीर खालच्या बाजूला आणि लहान असेल तर कुबड्या व विश्रांती यांनी ती बहुधा भरते. वरच्या बाजूची चीर मात्र केव्हाही आरपार जाऊ शकते. मग हाड सरकते, डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते डोके मरूही शकते. म्हणून अशा वेळी स्क्रू घालण्याची शस्त्रक्रिया तातडीने करतात. विशीतल्या मुलाचा खुबा कायमचा जाणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

मानेखालच्या दांड्यातील चीर त्यामानाने सौम्य. तिच्यासाठी क्रोएशियातील डॉक्टरांनी २००६ मध्ये तीनतीन आठवड्यांच्या चार पायऱ्यांचा क्रम मांडला. आधी कुबड्या, मग साधे चालणे व पोहणे, नंतर व्यायामाची सायकल आणि एक दिवसाआड सरळ रेषेत थोडे धावणे, अखेरीस नेहमीचा सराव हळूहळू वाढवणे. चाचणीत वेदना नसेल तरच वरची पायरी चढायची. माझ्या मते सर्वांत अवघड पायरी दुसरी. दुखणे थांबलेले असते आणि धावायचे मात्र नसते.

घाईचे काय होते याचे उदाहरण इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफचे. २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन धावलेल्या या बाईंच्या मांडीच्या हाडात मे २००८ मध्ये चीर आढळली. ऑगस्टमधील बीजिंग ऑलिंपिक हातचे जाऊ नये म्हणून त्यांनी पाण्यात धावण्याचा सराव केला. शर्यत पुरी केली, पण २३ व्या आल्या. आणखी अडीच महिने मिळाल्यावर त्याच न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकल्या.

शेवटी आहाराविषयी, आणि विशेषतः मुलींसाठी. कारण आपल्याकडे हे कोणी बोलत नाही. धावण्याच्या मानाने जेवण कमी पडले की शरीर काटकसर करू लागते, पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडे विरळ होतात. कमी खाण्याचा हा तोटा मुलांनाही होतो, असे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ च्या निवेदनात स्पष्ट केले आहे. जांघ दुखते म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या मुलीने पाळीबद्दलही डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.